चिंता मिटल्याचे कळवावे

रामदासपेठ, नागपूर
४ सप्टेंबर २०२४

व्याही महादेवराव यांना मनोहररावांचा नमस्कार.

हे पत्र कार्यालयातून लिहितो आहे, घरून नाही. घरी प्रेमिलाला दिसले तर ती म्हणेल, माणसाने व्याह्याला फोन करावा, पत्र काय पाठवता? पण आपला शेवटचा फोन कसा संपला ते तुम्हाला आठवत असेलच. मला शब्द न् शब्द आठवतो. म्हणून कागद बरा. तो बोलता बोलता आपटून ठेवता येत नाही.

कारण आनंदाचे आहे. अदिती परवा नाशिकहून सुखरूप पोचली. स्वानंदराव स्वतः सोडून गेले, जावई म्हणून त्यांच्यात काही खोट काढायला जागा नाही. डॉक्टरांनी नोव्हेंबरची अखेर सांगितली आहे. पहिले बाळंतपण माहेरी, तेव्हा ती जबाबदारी आमची आणि आम्ही ती पार पाडू. अडचण पुढे आहे. पोरीने आल्या दिवशी, ताटावर बसल्या बसल्या जाहीर केले:

"बाबा, एक गोष्ट आताच सांगून ठेवते. सासरी रीत आहे, लेकराचं नाव आजोबा काढतात अन् आत्या कानात सांगते. माझे सासरे तुमच्या घरी पाय ठेवत नाहीत. तुम्ही त्यांचं नाव काढत नाही. मंग बारसं कायचं करता? दोघं आजोबा पाळण्याच्या दोन बाजूले उभे राहतीन तरच बारसं. नाही तर नावच ठेवत नाही मी. पोट्टं म्हणूनच वाढवते."

मुलगी माझी आहे, म्हणजे मुळातच हट्टी. त्यात दीड वर्ष तुमच्या घरात राहून आली. तेव्हा ती बोलली तसे करणार, याविषयी मला शंका नाही.

आता मुद्द्यावर येतो. लग्नात तुम्ही चारचौघांत मला विचारले होते, "मनोहरराव, रिटायर झाल्यावर तुम्ही नेमके करता काय?" बँडच्या आवाजात उत्तर राहून गेले. ते आज देतो. आमच्या संत्रा निर्यातदार मंडळात माझे काम एकच. कोणत्या देशाने कोणाचा माल कशासाठी अडवला, जिनेव्हातल्या जागतिक व्यापाराच्या समितीपुढे तो विषय कुठवर आला, मिटला की लटकला, यावर रोज सकाळी नजर ठेवायची आणि आमच्या बागायतदारांना सांगायचे. तुम्ही द्राक्षे परदेशी पाठवता, तुम्हाला यातले कळते. पण एक बारकावा कदाचित ठाऊक नसेल. तिथे भांडणाला भांडण म्हणत नाहीत. 'चिंता' म्हणतात. एक देश उठून दुसऱ्याविषयी चिंता व्यक्त करतो. दुसरा म्हणतो, आपल्या चिंतेची नोंद घेतली. मग दोघे चहा पितात आणि पुढल्या बैठकीत पुन्हा तेच. आणि ही चिंता मिटली केव्हा म्हणायची? तर ज्याने ती मांडली तो स्वतः "मिटली" म्हणेल तेव्हाच. दुसऱ्याने कितीही सांगितले तरी नोंदींच्या वहीत ती उघडीच राहते.

आता आपला विषय पाहा. गेल्या वर्षी फेब्रुवारीत लग्न झाले. वऱ्हाडाच्या प्रत्येक गाडीत आम्ही संत्र्यांची पेटी दिली, तुमच्या गाडीत वर प्रेमिलाच्या हातची संत्राबर्फी, स्टीलच्या डब्यात. नाशिकला तुम्ही भावकीसमोर पेटी उघडलीत आणि एका संत्र्यातून अळी निघाली. तुम्ही फोन केलात. "मनोहरराव, संत्र्यात अळी निघाली." मी विचारले, "कोणत्या जातीची? नमुना ठेवला आहे का?" माझ्या धंद्यात हाच पहिला प्रश्न असतो. तुम्ही फोन आपटलात. आठवड्याने कुरियरने प्रेमिलाचा डबा परत आला. डबा रिकामा पाठवू नये ही रीत तुम्ही पाळलीत. आत एक बाटली होती आणि बाटलीत अळी.

असो. तात्पर्य, चिंता तुम्ही मांडली, तेव्हा मिटल्याचे तुम्हीच कळवायचे. दोन ओळी पुरेत. त्या आल्या की मी रीतसर आमंत्रण पाठवतो.

तुम्ही अदितीबरोबर पाठवलेले बेदाणे मिळाले. प्रेमिलाने कपाटात ठेवले आहेत. मी हात लावलेला नाही.

मनोहर


रामदासपेठ, नागपूर
२७ सप्टेंबर २०२४

महादेवराव,

तुमचे पोस्टकार्ड मिळाले. त्यावर पत्ता चार ओळींचा आणि मजकूर दोन शब्दांचा: "नोंद घेतली."

मी हसलो नाही असे म्हणणार नाही. पण व्याहीबुवा, हे शिकायला जिनेव्हातले लोक वर्षानुवर्षे घासतात, आणि तुम्ही पहिल्याच पत्राला करून दाखवलेत.

कार्ड मात्र तुम्ही घरच्या पत्त्यावर पाठवलेत. पोस्टमनने ते प्रेमिलाच्या हाती दिले. कार्डाला पाकीट नसते, हे तुम्हाला ठाऊक होते, असा माझा कयास आहे. संध्याकाळी ती दारातच उभी होती.

"का जी, तुम्ही व्याह्याले नोटीस पाठवून राहिले काय?"

म्हटले, नोटीस नाही, पत्रव्यवहार आहे.

"पत्रव्यवहार! मी अन् विहीणबाई रोज घंटा घंटा फोनवर बोलतो. त्यांच्या गुडघ्याचं मले माहीत, माझ्या शुगरचं त्याईले माहीत. अन् हे दोन म्हातारे पोस्टानं नोंदी घेऊन राहिले. काहून जी? अळी मेली, तुमचं भांडण काही मरत नाही."

तिचे म्हणणे मला पटले नाही असे नाही. पण विहिणींचे बोलणे हे खिडकीतले बोलणे. समितीपुढे ते चालत नाही.

याच भांडणात एक वाईट बातमी कळली, ती प्रामाणिकपणे कळवतो. पुरावा गेला. मी ती बाटली फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात जपून ठेवली होती. प्रेमिलाने ती केव्हाच उकळून धुतली. हल्ली तिच्यात ओवा असतो. म्हणजे इतके महिने पोट बिघडले की मी ज्या बाटलीतला ओवा चावत होतो ती हीच. तुमची बाजू यामुळे कमजोर होते असे मी म्हणणार नाही.

कार्यालयात सध्या धामधूम आहे. एक देश गेली काही वर्षे आमचे संत्रे घेत नाही. नाव लिहीत नाही, नाजूक मामला आहे. आम्ही आपसांत त्याला 'थोरले जावई' म्हणतो, कारण त्यांना काय हवे ते ते सांगत नाहीत, फक्त नको काय ते सांगतात. आधी फळमाशी नको, मग पान नको, मग देठ नको. आता त्यांची तपासणीची मंडळी काटोलच्या बागा पाहून गेली. मंडळाच्या अध्यक्षा सिंधूताई, त्यांच्याच बागेत जेवण. मी सांगितले होते, पाहुण्यांना सौम्य काही वाढा. सिंधूताई म्हणाल्या, "पावणे आहेत जी, फिकं कसं वाढू?" आणि सावजी रस्सा वाढला. दोन्ही साहेब जेवताना रडत होते. एकाने घाम पुसत पुसत तपासणीच्या कागदावर सही केली, कशावर करतो आहे ते न पाहता. संत्र्यात काही दोष सापडला नाही. रश्शाविषयी ते काही लिहिणार आहेत असे ऐकतो.

यावरून सुचले. तुम्हीही एखादे माणूस तपासणीला पाठवा. तुमच्या विश्वासातले. पुढल्या महिन्यात डोहाळजेवण आहे, काटोलच्या बागेतून या हंगामाची, म्हणजे आंबिया बहाराची, पहिली फळे येतील. पाहू द्या, फोडू द्या, खाऊ द्या. त्यांचा अहवाल मला मान्य.

बेदाण्यांची पिशवी थोडी हलकी दिसते, असे प्रेमिला म्हणते. घरात मुंग्या फार झाल्या आहेत.

मनोहर


धरमपेठ, नागपूर
१९ ऑक्टोबर २०२४

महादेवराव,

आता लपवण्यासारखे काही उरले नाही, म्हणून घरूनच लिहितो.

तुम्ही माणूस पाठवाल असे वाटले होते. तुम्ही यमुताईंना पाठवलेत. तुमची थोरली बहीण तुमच्याहून वरचढ आहे हे मला लग्नातच कळायला हवे होते. पण त्या वेळी त्यांनी फक्त हळदीकुंकवाच्या साड्यांचा पोत पाहिला होता.

स्टेशनवरून घरी येताना रिक्षात त्यांनी मला विचारले, "संत्री कुठाय?" घरी येऊन हातपाय धुतले, पाणी घेतले नाही, टोपलीसमोर बसल्या. एकेक संत्रे हातात घ्यायचे, देठाजवळ अंगठा दाबायचा, वास घ्यायचा, सोलायचे, फोड उजेडात धरायची. मग खायची. फळे अजून जरा हिरवट आहेत, आंबटही आहेत. त्यांनी डोळा मिटला नाही. टोपलीचा तळ दिसायला लागला तेव्हा प्रेमिला माझ्या कानाशी म्हणाली, "आता याईच्या पोटात दुखलं तर आपल्यावरच येईन. ओवा काढून ठेवा."

डोहाळजेवण चांगले झाले. अदितीला फुलांच्या झोपाळ्यात बसवले, शेजारच्या बायकांनी गाणी म्हटली. वाट्या उघडायला दिल्या तेव्हा तिने पेढ्याची उघडली आणि बायका म्हणाल्या, मुलगा. यमुताई म्हणाल्या, "वाटीवर विश्वास नाही माझा. मी फक्त उघडून पाहिलेल्या गोष्टीवर बोलते." तुमचे घराणे हे असे आहे.

जाताना मी त्यांना अहवाल विचारला. त्या म्हणाल्या, "अळी नाही. पण मनोहरराव, तुम्हाला एक सांगू? आमचा महादेव रोज संध्याकाळी फिरायला म्हणून जातो आणि कोपऱ्यावरच्या गाडीवरून संत्री घेऊन बाकड्यावर बसून खातो. साली तिथेच टाकून येतो. घरी आल्यावर हाताला वास. त्याची बायको, अरुंधती, काही बोलत नाही. मी बोलते. मी विचारलं, कुठली रे संत्री? म्हणतो, राजस्थानची."

महादेवराव, राजस्थानची संत्री खाणे हा तुमचा हक्क आहे, त्यावर मला काही म्हणायचे नाही. फक्त एवढेच विचारतो, सध्या राजस्थानचा हंगाम आहे का?

एक गोष्ट तुमच्या कानावर तिकडून येईल, म्हणून आधीच कळवतो. यमुताई चहा करायला स्वयंपाकघरात गेल्या तेव्हा कपाटाचे दार उघडे होते आणि मी तिथे होतो. हात पिशवीत होता. त्या म्हणाल्या, "मुंग्या मोठ्या झाल्यात तुमच्याकडच्या." बेदाणे उत्तम आहेत. हे मी एक ग्राहक म्हणून म्हणतो, व्याही म्हणून नाही.

तात्पर्य, माल दोन्हीकडून चालू आहे. अडले आहे ते फक्त वहीत. तपासणी झाली, दोष नाही, आता आडकाठी कशाची? चिंता मिटल्याचे कळवावे.

मनोहर


रामदासपेठ, नागपूर
१६ नोव्हेंबर २०२४

महादेवराव,

तुमचे पत्र परवा आले. या वेळी पाकिटात आले, त्याबद्दल आभार. तुम्ही लिहिता:

"चिंता माझी नव्हतीच. अळी निघाली ते मी घरच्या माणसाला सांगतात तसे सांगितले. पुरावा तुम्ही मागितलात. म्हणजे चिंता तुम्ही केलीत. मिटवायची तुम्ही."

यावर माझे म्हणणे क्रमाने देतो. पहिले, अळी मी तुमच्या घरी पाहायला आलो नव्हतो, तेव्हा तिचा उल्लेख प्रथम कोणी केला हे उघड आहे. दुसरे, पुरावा मागणे ही चिंता नव्हे, ते उत्तर आहे. तिसरे,

तिसरे मी दोनदा लिहिले आणि खोडले. तुमचे मधले वाक्य मध्ये येते. 'घरच्या माणसाला सांगतात तसे.' हे तुम्ही फोनवर म्हणाला असतात तर, असे मनात येते. पण फोन तुम्ही आपटलात. तिसरा मुद्दा तूर्त राखून ठेवतो.

थोरल्या जावयांचा विषय या आठवड्यात जिनेव्हात पुन्हा निघाला. आपल्या देशाने चिंता व्यक्त केली. त्यांनी नोंद घेतली. बागांत दोष नाही हे त्यांना मान्य आहे, पण म्हणतात, फळांना अमुक इतके दिवस थंडीत ठेवा. सिंधूताई म्हणाल्या, "थंडीत ठेवा! इथं घरातल्या माणसाले कूलर मिळत नाही." नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने, तसे चालले आहे. तरी मला आशा आहे. ज्याला थंडी हवी त्याला माल हवा असतो. ज्याला नकोच असतो तो काहीच मागत नाही.

पण पत्र लिहायला घेतले ते वेगळ्या कारणाने. काल जुन्या नोंदी चाळताना एक विचित्र चिंता सापडली. दोन देश, मधावरून. एकाने दुसऱ्याच्या मधाविषयी चिंता व्यक्त केली, तिला खूप वर्षे झाली. तेव्हापासून ती उघडी. मला राहवले नाही. ओळखीपाळखीतून एका देशाच्या कचेरीत विचारणा केली, की साहेब, हे अजून का लटकले आहे? तिथल्या बाईंचे उत्तर आले. मध कधीचा सुरळीत जातो-येतो म्हणे. अडचण तेव्हाच सुटली होती. फक्त ज्या गृहस्थांनी चिंता मांडली ते निवृत्त झाले आणि पुढे वारले. मिटल्याचे कळवायचे राहून गेले. आता कळवायचे कोणी, हे त्यांच्यात कुणालाच माहीत नाही.

महादेवराव, मी खिडकीत जाऊन उभा राहिलो. खाली रस्त्यावर दवाखान्यांच्या रांगा, एकेका दारातून आपल्या वयाची माणसे काठी टेकत बाहेर पडत होती. तुम्ही सदुसष्टचे, मी अडुसष्टचा. मला भीती वाटली. हे मी तुम्हाला का सांगतो आहे, माहीत नाही. दुसऱ्या कोणाला सांगितले तर तो म्हणेल, मधाचे तुम्हाला काय पडले आहे?

अदितीची तब्येत चांगली आहे. बसताना उठताना हात धरावा लागतो. काल मी सहज म्हटले, बारशाला हॉल पाहू का? तर म्हणाली, "हॉल पाहा. पण आधी सासऱ्याईले पाहा."

मनोहर


धरमपेठ, नागपूर
२९ नोव्हेंबर २०२४

महादेवराव,

परवा पहाटे मुलगी झाली. फोन स्वानंदरावांनी तुम्हाला केलाच असेल, आणि विहीणबाई फोनवर रडल्या हेही मला कळले, कारण इकडे प्रेमिला त्याच वेळी रडत होती. दोन्ही बाजूंना कोणी बोलेना, तरी फोन अर्धा तास चालू होता.

पोरगी गोरी नाही, काळी नाही, लाल आहे. नाक तुमचे. हे मी नोंदवतो, कारण नंतर कोणी नाकारू नये. रडते मात्र आमच्याकडची. पहिल्या रात्री दवाखान्यातल्या परिचारिका येऊन विचारून गेल्या, हे बाळ कोणाचे?

तिच्या हाताला जी पट्टी बांधली आहे तिच्यावर नावाच्या जागी फक्त आईचे नाव आहे. घरी आल्यापासून सगळे तिला 'पोट्टी' म्हणतात. अदिती स्वतः म्हणते, आणि म्हणताना माझ्याकडे पाहते. "ए पोट्टे, दूध पी वं. तुयं नाव अजून जिनेव्हात अडकलं आहे."

बारावा दिवस रविवारी आठ तारखेला येतो. काल प्रेमिलाने पाळणा पुसून ठेवला. मी तो सरळ आहे का ते पाहायला गेलो, तर तिने तो भिंतीला लावून ठेवला होता. म्हटले, भिंतीला लावला तर दोन्ही बाजूंनी कसे उभे राहायचे? ती म्हणाली, "दोन बाजू लागतीन तेव्हा ओढून घेऊ. सध्या एकच आहे."

मग मी रात्रभर विचार केला असे नाही, पण जेवताना केला. आपण दोघेही म्हणतो, चिंता त्याची. मांडणाराच कोणी नाही, तर मिटवणारा कुठून येणार? अळीची ती चिंता अशीच लटकत राहणार. तुम्ही कबूल करणार नाही. मी करणार नाही. तेव्हा मी तिचा नाद सोडतो.

त्याऐवजी मी आज एक नवी चिंता रीतसर मांडतो. मजकूर पुढीलप्रमाणे:

"नाशिकच्या महादेवरावांनी आपल्या नातीचे तोंड अद्याप पाहिलेले नाही, याविषयी नागपूरचे मनोहरराव तीव्र चिंता व्यक्त करतात. सदर नात बिननावाची आहे. विलंबाला कोणताही शास्त्रीय आधार दिसत नाही."

ही चिंता माझी आहे. मांडली मी, तेव्हा मिटल्याचे कळवणेही माझ्याच हातात. तुम्हाला कुठे सही करायची नाही, काही कबूल करायचे नाही. तुम्ही फक्त यायचे.

कृपा करून नोंद घेऊ नका. या.

मनोहर

ता. क. बेदाणे संपले. मी खाल्ले.


धरमपेठ, नागपूर
१२ डिसेंबर २०२४

प्रिय महादेवराव,

तुम्ही सगळे सुखरूप पोचल्याचे विहीणबाईंनी प्रेमिलाला कळवले. तरी मी लिहायला बसलो, कारण तीन महिन्यांत सवय लागली आहे आणि दोन-तीन गोष्टी समोर बोलायच्या राहिल्या.

स्टेशनवर तुम्ही डब्यातून उतरलात, मी म्हणालो "या", तुम्ही म्हणालात "आलो". बॅग कोणी उचलायची यावर आपण ओढाताण केली, ती शेवटी यमुताईंनी उचलली. घरापर्यंत रिक्षात तुम्ही डावीकडे पाहत होता, मी उजवीकडे. मला वाटले, हे असेच चालले तर पाळण्याशी उभे राहून काय उपयोग? पण घरात शिरल्यावर अदितीने विचारले नाही, पाणी दिले नाही, सरळ पोरगी तुमच्या हातात दिली. तुम्ही तिच्याकडे पाहिलेत आणि मग माझ्याकडे पाहून म्हणालात, "नाक कोणाचं म्हणालात?" तेव्हा माझ्या छातीवरचे ओझे उतरले. हे मी त्या वेळी सांगू शकलो नाही, म्हणून आता सांगतो.

नाव काय ठेवता याची आमच्याकडे सगळ्यांना धास्ती होती. सिंधूताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "द्राक्षा-बिक्षा ठेवतीन काय जी?" स्वानंदरावांच्या बहिणीने, म्हणजे आत्याने, कानात कुर्र केले आणि जोरात नाव सांगितले तेव्हा मी पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला, तुमच्या समोर होतो. रसिका. तुम्ही माझ्याकडे पाहून म्हणालात, "रस दोन्ही फळांत असतो." प्रेमिला त्याच क्षणी डोळे पुसायला आत गेली. बाहेर येऊन म्हणाली, "मनातून गोड आहेत व्याही. वरूनच काटे आहेत." संत्र्याच्या झाडाला काटे असतात, हे तिला ठाऊक आहे. द्राक्षाला नसतात, तेव्हा तुम्हाला आमच्यात धरले असे समजा.

मग जेवणे झाली. त्यानंतरचे तुम्हाला वाटते मी पाहिले नाही. मी पाहिले.

तुम्ही खिडकीजवळच्या खुर्चीत बसून टोपलीतले संत्रे उचललेत. मी समोर शिऱ्याची वाटी घेऊन होतो. भरल्या घरात तुमची भावकी, माझी भावकी, सगळे. तुम्ही साल काढलीत, फोडी वेगळ्या केल्यात आणि तुमचा हात थांबला. फोडीवर ती होती. पांढरी, चांगली जिवंत. मी शिऱ्याची वाटी खाली ठेवली. तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहिलेत. मी छताच्या पंख्याकडे पाहू लागलो. डिसेंबरात बंद पंखा कोणी इतका वेळ पाहत नाही, पण मला दुसरे काही सुचले नाही. स्वानंदरावांनी विचारले, "बाबा, काय झालं?" तुम्ही मूठ मिटलीत, उठलात, बाल्कनीत जाऊन कुंडीवर मूठ उघडलीत आणि परत येऊन म्हणालात,

"काही नाही. बी होती."

आणि उरलेले संत्रे खाल्लेत. सगळ्या फोडी. मी मोजल्या नाहीत, पण एकही ठेवली नाहीत.

महादेवराव, मी अनेक वर्षे देशांची भांडणे पाहतो आहे. करार पाहिले, तपासण्या पाहिल्या, जाडजूड अहवाल पाहिले. कोणी मूठ मिटताना पाहिले नव्हते.

थोरल्या जावयांकडूनही काल निरोप आला. एका हंगामापुरते आणि एकाच बंदरातून माल घेऊन पाहतील म्हणे. वहीत याला 'अंशतः मिटली' असे म्हणतात. सिंधूताईंनी कार्यालयात संत्राबर्फी वाटली आणि म्हणाल्या, "अर्धे तर अर्धे. जावई अर्धेच खूश असतात." मी नोंद केली. मग त्याखाली, कोणाला न दाखवता, आपली केली. चिंता मांडणारा: मनोहर. स्थिती: मिटली. अंशतः नाही.

आता शेवटचे. तुम्ही जाताना दिलेले नवे बेदाणे काल प्रेमिलाने ताटात निवडायला घेतले. मी पेपर वाचत होतो. ती म्हणाली, "अहो, हे पाहा बरं, काय वळवळून राहिलं?" मी चष्मा लावला, नीट पाहिले, चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकले आणि म्हणालो, "काडी आहे." ती ताट घेऊन आत गेली. तिने यमुताईंना फोन केला असावा, पण तो तुमच्या आमच्या विषयात येत नाही.

याबरोबर प्रेमिलाचा तोच स्टीलचा डबा पाठवतो आहे. आत बर्फी आहे आणि वर बागेतली थोडी संत्री. रीत तुम्हाला ठाऊक आहे, डबा रिकामा परत येऊ देऊ नका.

फळांत काही वळवळताना दिसले, तर ती बी आहे.

तुमचा,
मनोहर